जोहरच्या चारांपैकी दोन

दुपारच्या नमाजीला जोहर म्हणतात. तिच्या फर्ज, म्हणजे सुटका नसलेल्या, रकाती चार. उभं राहून वाचणं, एकदा वाकणं आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकणं, ही एक रकात. नमाज कायम करा असं कुराणात कितीतरी वेळा आलं आहे. पण जोहरच्या चार आणि सूर्यास्तानंतरच्या मगरीबच्या तीन, हा आकडा तिथं दिलेला नाही. तो पैगंबरांनी स्वतः करून दाखवला. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, ज्यांनी ऐकलं त्यांनी कोणाकडून ऐकलं ते नावासकट जपलं, आणि असं एकाकडून दुसऱ्याकडं येत येत ते माझ्या अब्बांपर्यंत आलं. अब्बांकडून मी शिकलो.

मी नव्या रायपुरात एका सरकारी खात्याच्या सांख्यिकी शाखेत आहे. जिल्ह्यांतून आलेले पेऱ्याचे आकडे तपासणं हे माझं काम. हा आकडा कोणी दिला आणि त्याला कोणी दिला, हे विचारल्याशिवाय मी सही करत नाही. म्हणूनही असेल, पण धर्मातली ही सांगणाऱ्यांची साखळी मला पहिल्यापासून फार जवळची वाटत आली. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. मी मराठी शाळेत शिकलो, आणि घरात आम्ही नवरा-बायको मराठीच बोलतो. मुलाला सगळं कळतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो.

प्रवासात चारच्या दोन होतात. घरापासून अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या आसपास, दूर जायचं असलं आणि तिथं पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असला, की माणूस मुसाफिर. शहरातल्या दुसऱ्या एका मशिदीत हे अंतर ब्याण्णव किलोमीटर सांगतात. मी दोन्ही लक्षात ठेवलं आहे. जोहर, दिवस कलतानाची असर आणि रात्रीची इशा यांच्या चारच्या दोन होतात. पहाटेच्या फजरच्या दोन आणि मगरीबच्या तीन आहेत तशाच राहतात. आमच्या शाखेत अमरावतीकडचे एक सहकारी होते. डबा खाताना त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे भाऊ, तुमच्याकडं देवच प्रवास-सवलत देऊन राहिला. आमच्याकडं त परगावी गेलं की उपास वाढते.”

मी म्हटलं, “देवानं दिलेली सवलत आहे, ती घ्या, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. हट्टानं चार पढल्या तर उलट चूक धरतात.”

“घ्यावीच लागते अशी सवलत आपल्या खात्यात कधी येईल, ते पाहा जरा,” ते म्हणाले.

या मसल्यात, म्हणजे धर्माच्या नियमात, एक पोटकलम आहे: घर कशाला म्हणायचं. नोकरीसाठी माणूस दुसरीकडं राहत असला तरी जिथं परत येऊन राहायची त्याची नियत आहे, ते त्याचं घर. तिथं तो एका दिवसासाठी आला तरी चारच पढतो. पण त्यानं संसार दुसरीकडं मांडला, आणि आता परत इथं राहायला यायचं नाही असं मनात पक्कं केलं, तर जन्माचं गावही त्याला परगाव होतं. खुद्द पैगंबर मक्केत जन्मले, मदिनेला जाऊन राहिले, आणि काही वर्षांनी मक्का त्यांच्या हाती आली तेव्हा तिथं त्यांनी दोनच पढल्या. मागं उभ्या असलेल्या मक्केच्या लोकांना सांगितलं की तुम्ही तुमच्या पूर्ण करा, आम्ही प्रवासातली माणसं आहोत. हे मला अब्बांनी सांगितलं आणि मी माझ्या मुलाला. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. रकाती मोजताना चूक होऊ नये म्हणून जानमाजीच्या, म्हणजे नमाजीच्या सतरंजीच्या, कडेला चार हरभरे ठेवायचा आणि एक झाली की एक बाजूला सारायचा.

नवी राजधानी वसायला लागली तेव्हा आम्ही सदर बाजाराच्या मागच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून इकडं सेक्टरमध्ये घर घेतलं. दोघांना दोन खोल्या पुरल्या असत्या. तीन घेतल्या, कारण तिसरी मुलाची. इथं मोठी कार्यालयं येणार, मुलांना बाहेर जावं लागणार नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत होते, आणि मी आकड्यांचा माणूस असूनही ते तपासलं नाही. रस्ते रुंद झाले, झाडं लागली. बस अजून कधीतरीच येते. मशीद आमच्या दारापासून सात किलोमीटर आहे. त्यामुळं शुक्रवार सोडला तर मी घरी असलो की आम्ही दोघं घरातच जमात करतो, म्हणजे मिळून पढतो, मी पुढं आणि ती मागं. जमातीनं पढलेल्या नमाजीचं पुण्य एकट्यानं पढलेलीच्या सत्तावीस पट सांगितलं आहे, दुसऱ्या साखळीनं आलेल्या एका रिवायतीत पंचवीस पट. मी मनात पंचवीसच धरतो.

मुलगा सहा वर्षांपूर्वी बेंगळुरूला नोकरीला गेला. जाताना म्हणाला होता, “अब्बा, दो-तीन साल का अनुभव हो जाए, फिर इधर ही.” वर्षातून दोनदा यायचा, चार-पाच दिवस राहायचा आणि प्रत्येक वेळी चारच पढायचा. मी पाहायचो. मुद्दाम पाहायचो असं नाही, पण मोजायची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून तिथलीच, नोकरी करणारी, बोलायला गोड. लग्नानंतरही तो “इधर ही” म्हणत राहिला. दोन-तीन साल म्हणायचं मात्र बंद झालं. आकडा गळाला की मी एरवी कागद परत पाठवतो. इथं पाठवला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो सकाळच्या विमानानं आला. आठ दिवसांसाठी, एकटाच; सुनेला रजा मिळाली नव्हती. त्याच्या आईनं तांदळाचे चीले, म्हणजे धिरडी, आणि टमाट्याची चटणी केली होती. त्यानं सात चीले खाल्ले. मग आंघोळ, मग फोन, आणि दीड वाजता आम्ही तिघांनी वजू केली, म्हणजे नमाजीआधी हातपाय-तोंड धुतलं, आणि समोरच्या खोलीत जानमाजी अंथरल्या.

माझ्या मनात त्या दिवशी आलं की त्यानं पुढं उभं राहावं. तीस वर्षांचा झाला, आणि मी एकदाही त्याच्या मागं नमाज पढलो नव्हतो.

“आज तू पढव,” मी म्हटलं.

“नहीं अब्बा, आप ही पढ़ाइए. घर आपका है.”

यालाही आधार आहे. दुसऱ्याच्या घरात पुढं उभं राहायचा हक्क घरमालकाचा, तो परवानगी देईल तरच पाहुण्याचा, अशी शिकवण आहे. हे त्याच्या लक्षात आहे याचं मला कौतुक वाटलं. तो स्वतःला कोणत्या बाजूला धरतो आहे, हे मला ऐकू आलं नाही.

“माझी परवानगी आहे. हो पुढं.”

“मैं पीछे ठीक हूँ, अब्बा.”

मागून आई ओढणी नीट करत म्हणाली, “इतका भाव काहून खाते रे? बाप म्हणून राहिला त पढव ना.”

“अम्मी, वो बात नहीं है.”

“मंग कोणती बात आहे? दाढीत दोन केस पांढरे झाले. आता काय काठी घेऊन पढवशील?”

मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढं झाला. मी त्याच्या उजव्या हाताला, जरा मागं उभा राहिलो. मागं एकच पुरुष असला तर त्यानं तिथंच उभं राहायचं असतं.

जोहरमध्ये मोठ्यानं वाचत नाहीत. त्यामुळं नुसता श्वास ऐकू येत होता आणि बाहेरून एखादी गाडी. पहिली रकात झाली. दुसरी झाली. तो बसला. दुसऱ्या रकातीनंतर बसून जे वाचायचं असतं त्याला मला वीस-पंचवीस सेकंद लागतात. मग उठून तिसरी. माझं वाचून झालं, तो उठला नाही. आणखी तेवढाच वेळ गेला. मला वाटलं, विसरला. रात्रीची झोप नाही, पहाटेचं विमान. पुढच्याची चूक झाली तर मागच्या पुरुषानं “सुबहानल्लाह” म्हणायचं आणि बाईनं उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर आपटायची, हीसुद्धा पैगंबरांचीच शिकवण. मी म्हटलं, “सुबहानल्लाह.” मागून आईच्या हाताचा आवाज आला, टप्, आणि पुन्हा एकदा टप्.

त्यानं उजवीकडं मान वळवून नमाज संपवायचा सलाम फिरवला. मग डावीकडं, माझ्या विरुद्ध बाजूला. आणि समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाला, “मैं मुसाफ़िर हूँ. आप लोग अपनी पूरी कर लीजिए.”

आम्ही उठलो. मुसाफिराच्या मागं पढणाऱ्या घरच्या माणसानं उरलेल्या दोन रकाती स्वतः पूर्ण करायच्या असतात, आणि आमच्या मसल्याप्रमाणं त्या दोनांत उभं असताना काही वाचायचं नसतं. जेवढा वेळ वाचायला लागला असता तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. इतकी वर्षं हा नियम मला ठाऊक होता, पण पाळायची वेळ पहिल्यांदाच आली. वाचायला असतं तर बरं झालं असतं. तो खाली बसलेला, मी त्याच्या शेजारी हात बांधून उभा, तोंडात एक अक्षर नाही. मक्केच्या त्या लोकांचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. ती हकीकत मी नेहमी प्रवाशाच्या बाजूनं ऐकली आणि प्रवाशाच्या बाजूनंच सांगितली. मागं जे उरलेल्या दोन पूर्ण करायला उभे राहिले, त्यांचं काय झालं असेल, हे मी मुलाला सांगितलं नाही, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

नमाज संपल्यावर आई पहिल्यांदा बोलली. “काहून रे, दोनच पढवल्या? झोप नाही झाली का?”

“अम्मी, सफ़र में हूँ न.”

“सफरात होता सकाळी. आता त घरी आला.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “आठ दिवसांसाठीच आला आहे तो. पंधराच्या आत असलं की दोनच असतात.” मी बोललो ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. अर्ध्या माहितीवर मी आजवर कोणाला सही दिलेली नाही.

“मागच्या ईदीला त चारच दिवस होता,” ती म्हणाली. “तवा पूर्ण पढली. याच खोलीत पढली, मी काय पाहिलं नाही?”

तो जानमाजीवर बोटानं रेघ ओढत बसला होता. “अम्मी, हमने उधर घर ले लिया है.”

“घेतलं? मंग सांगत काहून नाही, चांगली गोष्ट आहे. इकडं आले की किरायानं देता येईल.”

“नहीं अम्मी. रहने के लिए लिया है.”

मी विचारलं, “मसला कोणाला विचारला?”

“उधर एक मौलाना साहब हैं. उन्होंने तीन बातें पूछीं. बीवी कहाँ है, मकान कहाँ है, और रायपुर लौटकर बसने की नीयत है या नहीं.”

“तिसऱ्याचं काय सांगितलंस?”

“जो सच था, वही.”

“कधी विचारलंस?”

“नवंबर में.” मग म्हणाला, “फ़ोन पर बताने वाला था, आराम से. इस बार नहीं. आपके पीछे खड़ा रहता तो चार ही होतीं.”

ते बरोबर होतं. घरच्या माणसाच्या मागं उभा राहिला की मुसाफिरही चारच पढतो. आठ दिवस तो माझ्या मागं उभा राहिला असता, चार पढला असता आणि निघून गेला असता, आम्हाला काही कळलं नसतं. तेवढ्यासाठीच तो मागं राहू पाहत होता, आणि मी त्याला तीनदा सांगून पुढं उभं केलं.

“मग चार पढवून टाकायच्या,” मी म्हटलं. असं मी म्हणायला नको होतं.

“कैसे पढ़ाता? मुझ पर तो दो ही फ़र्ज़ थीं, पीछे आप दोनों की नमाज़ नहीं होती.” आणि मग माझ्याकडं न पाहता, “आपने ही तो सिखाया है.”

आई उठून त्याच्यासमोर येऊन बसली. “पंधरा दिवस राहिलं त चार होतात ना?”

“अम्मी, छुट्टी आठ दिन की है.”

“वाढव. सात दिवसांचा त सवाल आहे. बाप आजारी आहे म्हण.”

“अम्मी.”

“पाच वाढव. पाच आणि आठ किती झाले?”

“तेरा,” मी म्हटलं.

“मंग सातच वाढवा लागते,” ती म्हणाली. तिला मी तेव्हा सांगू शकलो असतो की पंधरा दिवस राहून रकाती चार होतात, पण परगाव परगावच राहतं. सांगितलं नाही. मुलानंही सांगितलं नाही. तो तिच्या हातावर हात ठेवून बसून राहिला, आणि शेवटी तीच तो बाजूला करून भात लावायला स्वयंपाकघरात गेली.

आता माझं स्वतःचं लिहायला हवं, नाहीतर हेही अर्धंच राहील. राज्य नवं झालं तेव्हा मला रायपुरात नोकरी लागली. अब्बा गावी धानाच्या गिरणीत होते. दोन-तीन वर्षांतच मला कळून चुकलं की मी गावात परत राहायला जाणार नाही. बायको इथं, मुलाची शाळा इथं. मसला मला पाठ होता. गावी गेलो की मला दोन होत्या. मी काय केलं? प्रत्येक नमाज अब्बांच्या मागं किंवा गावच्या मशिदीत पढली. एकट्यानं पढायची वेळ आलीच तर दार लोटून घेतलं. अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, त्यांनी मला चार पढतानाच पाहिलं. मला वाटायचं, मी त्यांना काही कळू दिलं नाही.

मुलगा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसलो असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अब्बांना गुडघ्याचा त्रास होता. शेवटची चार वर्षं ते खुर्चीवर बसून, मान वाकवून नमाज पढायचे, आणि खाली टेकता येत असलेला माणूस हजर असेल तर त्यानं पुढं व्हावं हे त्यांना ठाऊक होतं. शेजारपाजारचा कोणीही आला तरी त्याला पुढं करायचे. मला ते कधीही “तू पढव” म्हणाले नाहीत. एकदाही नाही. मी घरी असलो की मशिदीतच चल म्हणायचे, दुखऱ्या गुडघ्यानं, मला धरून. याचा पुरावा माझ्याकडं नाही. विचारायला ते नाहीत. पण मला आता वाटतं की त्यांना माहीत होतं, आणि माझी लपायची जागा त्यांनी अकरा वर्षं राखली. मला माझ्या मुलाची अर्धा दिवससुद्धा राखता आली नाही.

पुढचे सात दिवस मीच पुढं उभा राहिलो. तो माझ्या मागं चार पढत राहिला. पाचव्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडताना बायको हळूच म्हणाली, “पाहिलं काय, चार पढून राहिला. मन फिरलं वाटते त्याचं.” मी मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिलो. तिच्या तोंडावर पाच दिवसांत पहिल्यांदा जरा बरं दिसत होतं.

तो सोमवारी दुपारी गेला. विमानतळ घरापासून जवळ आहे, त्यामुळं निरोपाला फार वेळ लागत नाही. आईनं डब्यात चीले दिले. “उधर भी बना लेता हूँ मैं, अम्मी,” तो म्हणाला. “बनवत असशील,” ती म्हणाली, “तरी ने.” माझे दोन्ही हात त्यानं हातात घेतले आणि काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मागं गाडीवाला भोंगा वाजवत होता.

परत आलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. तिनं जानमाजी अंथरल्या, दोनच, आणि वजू करून आली. मी नमाज सुरू करायची तकबीर म्हणायला हात उचलणार, तर म्हणाली, “थांबा. एक खरं सांगा. माह्या पोट्ट्याचं मन फिरलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या मागं कोणीही उभा राहिला तरी चारच होतात.”

“मले वाटलंच होतं.” बराच वेळ ती जानमाजीचा कोपरा पायानं सरळ करत राहिली. “आणि आपण तिकडं गेलो, त्याच्या घरी, त आपल्याले किती?”

“पंधरा दिवसांच्या आत असलो तर दोन.”

“पोराच्या घरी?”

“हो.”

“मंग मले नाही जायचं,” ती म्हणाली. “मी इथंच बरी.” ओढणी कपाळापर्यंत ओढून ती माझ्या मागं उभी राहिली. तिचं रडणं थांबायची मी वाट पाहिली. ते थांबेना, आणि वेळ निघून चालली होती, म्हणून मी हात उचलले आणि चार रकातींची नियत केली.